फिनॉल मुरेपर्यंत
फिनॉलचा वास आला की मला पालघरच्या आमच्या छोट्या लॅबबाहेरचं बाकडं आठवतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एडवणची एक कोळीण क्षयाच्या तपासणीसाठी बेडक्याची बाटली घेऊन आली, आणि माझ्या हातात देताना ती निसटून फरशीवर फुटली. "माजंच हाय, मीच पुसते," म्हणत ती पदर घेऊन वाकली. "हात लावू नका!" आमच्या मोठ्या बाई ओरडल्या आणि तिचं मनगट धरून तिला बाहेर घेऊन गेल्या. मी सांडलेल्यावर वर्तमानपत्रं पसरली, वरून फिनॉल ओतलं आणि दार ओढून घेतलं. आता जंतू मरेपर्यंत अर्धा तास आत जायचं नव्हतं. आम्ही तिघी बाकड्यावर बसलो. बाईंच्या हातातल्या आपल्या हाताकडं बघत ती म्हणाली, "खोकला लागल्यापासून घरात माजं ताट वेगलं हाय. पोरं पन जवल येत नाय." वेळ झाल्यावर मी हातमोजे घालून उठले, तर बाई म्हणाल्या, "बस गं, अजून थोडं मुरू दे." माझी वाणगावची गाडी चुकणार होती, मी मनातल्या मनात चरफडले. आज मी बाईंच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. आता कळतं, मी उठले तोवर आतले जंतू कधीच मेले असणार. पण तिचा हात अजून बाईंच्या हातात होता.