हौसाबाईंनी मोडलेला पिक्चर

खरं सांगायचं तर मला कुठेही जायचं नव्हतं. आई गेल्यापासून "जरा बाहेर पड, बरं वाटेल" असं सांगणाऱ्यांची मला चीडच यायला लागली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करून झाल्यावर जो थकवा उरतो, तो झोपेनं जात नाही, सहलीनं तर मुळीच नाही. पण सांगलीच्या एका छोट्या चित्रपट मंडळाचे बापटसर हटून बसले. "तुम्ही फ्रेंच शिकवता, तेव्हा सोलांजवर तुम्हीच बोला. आधी तिचं आयुष्य सांगा, मग आम्ही पिक्चर दाखवतो." नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. ते नव्हतं, म्हणून हो म्हणाले.

सोलांज ही फ्रान्सची मोठी अभिनेत्री. बंदराच्या गावात आईच्या खानावळीत ताटं उचलत वाढलेली. विशीत पडद्यावर आली, गाजली, बक्षिसं मिळाली. चाळिशीत मात्र कुणी विचारेना. मग एक चित्रपट करायला ती आपल्याकडे आली, चक्क वाईला. त्यात एक दृश्य आहे: देश सोडून आलेली बाई संध्याकाळी घाटाच्या पायरीवर कोसळते, पडूनच राहते आणि चौकटीबाहेरून एक हात येऊन तिला उठवतो. तेव्हाचा तिचा तो चेहरा! त्या एका चेहऱ्यावर पुढची सगळी कामं तिला मिळाली असं म्हणतात. समीक्षकांनी त्या हाताला नियतीचा हात ठरवलंय. थकलेली बाई सोलांजसारखी कुणी करूच शकत नाही, असं मीही शिकवणीत पोरांना ऐकवत आलेय.

तर म्हटलं, सांगलीला जायचंच आहे तर वाटेत वाईला एक मुक्काम करावा आणि ती पायरी बघावी.

पुण्याहून सकाळी उशिराच निघाले. खंबाटकीच्या चढाला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर होते, त्यांच्यामागे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडली. हंगामात जाणार असाल तर हाताशी वेळ ठेवा आणि डोकं शांत ठेवा. माझ्याकडे वेळ होता. सुरूर फाट्याला आत वळलं की रस्ता बरा आहे. घाटाजवळच्या लॉजची खोली आठशेला मिळाली, चादर स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. दुपारी खानावळीत दीडशेची थाळी घेतली. वांग्याची भाजी फार चांगली होती, हे मला दोन दिवसांनी आठवलं. त्या वेळी नुसतं गिळलं.

संध्याकाळी घाटावर गेले. कुठली पायरी ते काही कळेना, सगळ्या सारख्याच. बसले एका पायरीवर. मग उठवेचना. पाय दुखत नव्हते, काही झालं नव्हतं, नुसतं उठायचं कशासाठी हे सुचेना. अंधारून आलं. तेवढ्यात दंडाला कुणीतरी धरलं.

"ऊठ गं बाई! तिन्हीसांजेचं पायरीवर बसू न्हाई. ऊठ, ऊठ."

सत्तरीच्या बाई होत्या. डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा पडदा, मनगटाच्या वर गोंदलेली तुळस. पकड अशी, की मी उभीच राहिले. आणि मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत हसले नव्हते मी.

"हासायला काय झालं?" त्याही हसल्या. "आमच्याकडं तिन्हीसांजेला बाईमानसाला आसं पडू देत न्हाईत. लक्षमी यायची येळ ती. मी तर एकदा भर पिच्चरमदी उठीवलंय एका बाईला. लय भोगलं त्याचं."

"कुठल्या पिक्चरमध्ये?"

"गोऱ्या बाईच्या."

माझ्या हातापायांत एकदम जीव आला.

या हौसाबाई. वाईच्या आसपासच्या गावांत शूटिंगच्या गर्दीत उभं राहायचं काम कैक बायका करतात. ठरलेला माणूस येतो, टेम्पोत भरून नेतो, डोक्यावर घागर देतो. नियम एकच: कॅमेऱ्याकडं बघायचं नाही आणि सांगितलेली जागा सोडायची नाही. हौसाबाई त्या दिवशी पाण्याला निघालेल्या बाईच्या कामाला होत्या. गोरी बाई पायरीवर पडली. पुन्हापुन्हा पडायची, पुन्हापुन्हा पडून राहायची. दिवेलागण झाली तरी उठेना.

"मी म्हनलं, हिला आई-बा कुनी हाय का न्हाई! घागर ठिवली आन गेले. धरला दंड, आन उठीवली." हौसाबाई पदरानं डोळे टिपत होत्या, मोतीबिंदूनं पाणी येतं म्हणून. "आसा कल्ला झाला! त्यो मानूस वराडला, पिच्चर मोडलास म्हनला. पुन्यांदा कामाला न्हाई बोलिवलं. गावात आजून 'पिच्चरमोडी हौसा' म्हंत्यात. माझं जाऊं दे. त्या बाईचं लय नुस्कान झालं आसंल का हो? हाय का ती?"

"आहे. ऐंशीच्या पुढे आहे. आता काम थांबवलंय."

"बरी हाय न्हवं?"

"बरी आहे," म्हणाले. पण पडद्यावरचा तो हात यांचाच असेल का? तो हात मी पडद्यावर अनेकदा पाहिलेला, पण तुळस होती की नव्हती, काही केल्या आठवेना. माणूस चेहरा बघतो, हात कोण बघतं! शिवाय दिग्दर्शकानं नंतर दुसऱ्या बाईला घेऊन ते दृश्य पुन्हा केलेलं असू शकत होतं. उगाच आशा लावायची आणि मग तोंडघशी पडायचं, हे मी दवाखान्यांतून पुष्कळ केलं होतं. पिक्चरची प्रत बापटसरांकडेच होती. मी एवढंच म्हणाले, "तो पिक्चर उद्या संध्याकाळी सांगलीत दाखवणार आहेत."

योग असा, की हौसाबाईंना मोतीबिंदू काढायला त्याच आठवड्यात मिरजेला जायचं होतं. त्यांना शोधत तेवढ्यात घाटावर आलेली त्यांची सून सुनीता एसटीनं नेणार होती. मी म्हटलं, गाडीतून चला.

"पर मला दिसंल का?" हौसाबाई म्हणाल्या.

"पुढं बसवू की तुमाला," सुनीता म्हणाली. "आन मी हाय की सांगायला."

दुसऱ्या दिवशी निघालो. साताऱ्यात थांबून कंदी पेढे घेतले, हौसाबाईंनी मिरजेतल्या मुलीसाठी वेगळा पुडा बांधून घेतला. कराडच्या पुढे पेठनाक्याला सांगलीचा रस्ता लागतो. त्या रस्त्याबद्दल काय लिहू? कंबरेला विचारा. इस्लामपूरला चहा घेतला तेव्हा कारखान्याचा गोडसर उग्र वास सगळीकडे भरला होता. हौसाबाई अख्ख्या वाटेत एकच विचारत होत्या, "त्यांनी ते काडून टाकलं आसंल न्हवं? मोडकं कोन ठिवतंय?" मी हूं हूं करत होते. पाठ मोडली होती. कशाला पडले या भानगडीत, असं आष्ट्याला आणि नंतर पुन्हा एकदा वाटून गेलं.

विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, पुढच्या रांगेत हौसाबाई पदर सावरून बसलेल्या. मी सोलांजचं आयुष्य सांगितलं. खानावळ, यश, रिकामी वर्षं, मग पायरीवरचा तो रडणारा चेहरा आणि नियतीचा हात. चांगलं बोलले असेन, टाळ्या पडल्या. माझं लक्ष पडद्याकडे होतं.

दृश्य आलं. पायरी, मावळता उजेड, पडलेली सोलांज. डावीकडून हात आला. हिरव्या बांगड्या, आणि मनगटाच्या वर तुळस.

"आत्या!" सुनीता ओरडलीच. "तुमचा हात हाय की वो! तुळस हाय बगा!"

हॉलमध्ये कुणीतरी 'श्श' केलं. बापटसरांनी मात्र चित्र तिथेच थांबवलं. मी उठून सगळ्यांना सांगितलं, की हा हात इथे बसलाय. हे ठरलेलं नव्हतं, पण दिग्दर्शकानं तेच ठेवलं, आणि सोलांजची पुढची सगळी कामं या क्षणावर उभी आहेत.  

"म्हंजी मोडलं न्हाई?" हौसाबाईंनी विचारलं.

"नाही हो. तुम्ही उठवलंत म्हणून तर ती उभी राहिली."

"आन नियती नियती म्हंत हुता ती कोन?"

"तुम्हीच."

हॉल हसला. हौसाबाई हसल्या नाहीत. पडद्याजवळ जाऊन त्यांनी पांढुरक्या डोळ्यांनी बराच वेळ बघितलं. "धूसर दिसतंय," म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. बापटसरांनी त्या थांबवलेल्या चित्राचा फोटो कागदावर छापून त्यांना आणि मला पाठवायचं कबूल केलं.

सकाळी दोघींना मिरजेला मुलीकडे सोडलं. तिचं घर सतारी करणाऱ्यांच्या गल्लीजवळ आहे. वाळत ठेवलेले भोपळे बघायला थांबा, असं इतर कुणालाही मी सांगेन. मी थांबले नाही. सांगलीचं भडंग घेतलं आणि एका दमात पुण्याला आले.

घरी आले आणि पिशवी न उघडता आईच्या रिकाम्या कॉटशेजारी फरशीवर बसले. पुढचे किती दिवस संध्याकाळी तिथेच बसत होते. लोक विचारायचे, फरक पडला का? खर्च झाला, कंबर धरली, एवढं खरं.

मग एका संध्याकाळी फोन आला.

"आवं बाई, मी हौसा! पट्टी काडली. फोटू बगितला. लख्ख दिसतंय. तुमी त्या दिशी सांगत हुता, ती रडतीया म्हनून."

"हो. डोळ्यांत पाणी आहे तिच्या."

"आसू द्या की पानी. त्वांड बगा तिचं. हासतीया ती! दमल्यालं मानूस कुनी उठीवलं, की हासतंय आधी. तुमी न्हाई का हासला घाटावर?"

मी बापटसरांनी पाठवलेला माझा फोटो काढून बघितला. ओठांच्या कडेला होतं खरं. इतकी वर्षं बघतेय, दिसलं नव्हतं.

"आवाज आसा का येतोय तुमचा? निजलाय व्हय?"

"नाही. बसलेय. फरशीवर."

"तिन्हीसांजेचं?" हौसाबाई कडाडल्या. "उठा आदी! उठा बगू. मी धरलाय फोन."

मी उठले, आणि दिवा लावला.