राणी वाईटच बरी होती

"वाईट होती ना ती? मग वाईटच राहू द्यायची होती! कोणी सांगितलं होतं तिला चांगली करायला?"

थिएटरच्या जिन्यात उभी राहून आमची मुलगी एवढ्या मोठ्यानं ओरडली की पुढं चाललेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं. ही ओरडत होती सिनेमातल्या सावत्र आईबद्दल, आणि तिच्यामागून पर्स सांभाळत उतरणारी मी तिची सावत्र आई. हे त्या बायकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होतं, तेवढं पुष्कळ झालं. मी खाली बघून पायऱ्या उतरत राहिले.

मी लग्न होऊन सिल्वासात आले तेव्हा ही सहा वर्षांची होती. तिची आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. हे मसाटच्या एका कारखान्यात इंजिनिअर, सकाळी जायचे ते संध्याकाळी उगवायचे. मी वसईकडची, डी.एड. झालेली, वर्षभरात मला सुरंगीच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली. मुलीनं मला आई म्हणावं असं कोणी सुचवलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. आमच्याकडं अशा वेळी मावशी म्हणायची पद्धत आहे, तशी मी मावशी झाले. ठीक होतं. पहिल्या दिवशी तिनं मला एकच प्रश्न विचारला, "तुला सावलीवाली राणी माहितीय?"

नव्हती माहीत. मग तिनं मला कार्टून दाखवलं. एक राणी असते. राजाच्या पहिल्या बायकोची मुलगी तिच्या ताब्यात येते. राणी काय करते, तर मुलीची सावली काढून घेते आणि लोखंडी कपाटात खुंटीला टांगून ठेवते, कारण सावली नसेल तर त्या राज्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही. शेवटी मुलगी कपाट फोडते, सावलीची ओढाताण होते आणि राणी विहिरीत पडते. पडतानाही हातातली सावली सोडत नाही. सावली फाटते, पण राणी सोडत नाही. नव्या नवरीनं बघावं असं चित्र! मांडीला मांडी लावून आम्ही ते किती वेळा पाहिलं असेल देव जाणे. राणी आली की ही टाळ्या पिटायची. मला वाटायचं, जळ्ळं मेलं, मलाच उद्देशून चाललंय की काय.

आता 'अपर' या शब्दाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक गुजराती बेन राहतात. फार चांगल्या. मी नवी असताना त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायच्या, "आ एनी अपर मा छे." मला वाटलं, अप्पर, म्हणजे वरची. वरच्या मजल्यावरची आई. बरोबरच होतं की, आम्ही दुसऱ्या मजल्यावर! मी ते इतकं मनावर घेतलं की सोसायटीच्या नवरात्रात कोणी विचारलं की मीच हसत सांगायची, "मैं अपर माँ." बायका एकमेकींकडं बघायच्या. दोन नवरात्रं मी हे करत होते. मग एकदा ह्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्यांच्यात अपर मा म्हणजे सावत्र आई!"

मी ताडकन म्हटलं, "मग आपल्यात काय वेगळं आहे? कलेक्टर कचेरीवर पाटी नाही का, अपर जिल्हाधिकारी? मुख्य साहेब रजेवर गेले की ते काम बघतात." विनोद म्हणूनच बोलले. हे हसलेही. पण तो विनोद माझ्या अंगात मुरला, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. मुख्य साहेब काही रजेवरून परत येणार नव्हते, तरी मी अपरसारखीच वागत राहिले. डबा, अभ्यास, ताप, केसांतल्या उवा, सगळं चोख. पण निर्णय म्हणाल तर एक घेतला नाही. शाळेची सहल? बाबांना विचार. केस कापायचेत? मामीला विचार. आपण फाइल पुढं सरकवायची.

त्यामुळं या उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला आणि नाशिकहून तिच्या मामांचा फोन आला, तेव्हाही मी तेच केलं. मामा म्हणाले, अकरावी-बारावीला तिला इकडं पाठवा, इथं कॉलेजं चांगली आहेत, मामी घरीच असते. माणूस भला आहे, बोलण्यात खोट नव्हती. ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "तिलाच ठरवू दे." मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं, बाप आणि लेक दोघांनी. मला सांगा, मी काय बोलायचं होतं? जाऊ नको म्हटलं तर सावत्र आईनं पोरीचं शिक्षण अडवलं. जा म्हटलं तर सुंठीवाचून खोकला गेला, घर मोकळं केलं. दोन्हीकडून राणी मीच. मी पोळी उलटली आणि म्हटलं, "तुझं तू ठरव. माझी काही हरकत नाही."

"बरं," ती म्हणाली.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायचं तर काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं. मी पोळ्या संपवल्या, ओटा पुसला. नऊ वर्षं जिच्या वेण्या घातल्या ती पोर जाईल की राहील हे त्या आठवड्यात ठरणार होतं, आणि मी वाळवणाच्या कुरडयांना खार जास्त झालाय का याचा विचार करत होते. ती राहावी असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. पण ते कुठंतरी खाली होतं आणि वर काही येत नव्हतं.

त्याच आठवड्यात राणीचा सिनेमा आला. खऱ्या माणसांचा, हिंदीत डब केलेला, आणि गोष्ट म्हणे राणीच्या बाजूनं. मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी कधीपासून वाट बघत होत्या. मोठं कोणीतरी सोबत हवं म्हणून मला नेलं.

नव्या सिनेमातली राणी दिसायला देखणी आणि स्वभावानं इतकी समजूतदार की विचारू नका. तिची स्वतःची मुलगी लहानपणीच जंगलात नाहीशी झालेली. ते जंगल माणसांना सावलीला धरून ओढतं. म्हणून ती सावत्र मुलीची सावली कपाटात ठेवते. भल्यासाठी. आणि शेवटी विहीर वगैरे काही नाही. राणी स्वतःच कपाट उघडते, सावली मुलीच्या खांद्यावर ठेवते आणि म्हणते, "जाना चाहो तो जाओ. फ़ैसला तुम्हारा है." अर्ध्या थिएटरनं टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं हुर्यो करत होती, "अरे विहीर कुठंय, विहीर?" माझे हात आपोआप टाळीला उठले होते. शेजारी पाहिलं तर आमची मुलगी हाताची घडी घालून बसलेली, चेहरा दगड. मी हात खाली घेतले.

बाहेर दाबेलीच्या गाडीवर तिघींचं भांडण जुंपलं. एक मैत्रीण म्हणे, मला तर राणीसाठी रडू आलं. दुसरी म्हणे, गाणी मस्त, बाकी बकवास. आमची म्हणे, पैसे परत द्या. "आँटी, तुम्हाला कशी वाटली राणी?" पहिलीनं मला विचारलं. मुलगी खायची थांबली.

"चांगली होती की," मी म्हटलं. "दोन्ही बाजू असतात."

मुलीनं दाबेली अर्धी टाकून दिली. दाबेली टाकणाऱ्यांतली ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मैत्रिणीकडं गेली आणि मी एक आगाऊपणा केला. या सिनेमाच्या वेड्या मराठी पोरापोरींचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात ती लिहिते, हे मला ठाऊक होतं. मी खोटं नाव घेऊन त्यात शिरले. नाव काय घ्यावं सुचेना, तर 'सुरंगी' टाकलं. गावाचं गाव, फुलाचं फूल. आत बघते तर रणधुमाळी! कोणी लिहिलंय, राणीला अखेर न्याय मिळाला. कोणी लिहिलंय, आमचं बालपण नासवलंत. कोणी राणीच्या झग्यावरच अडून बसलेलं. आणि मधे आमच्या बाईसाहेब प्रत्येकाला शिंगावर घेत होत्या. चेटकिणीला चेटकीण राहू द्या. बिचारी करू नका तिला. प्रत्येक वाईट बाईला बालपणीचं दुःख कशाला चिकटवता?

मी ओट्याशी उभी राहून लिहिलं, "राणीची बाजूही समजून घ्यायला हवी. तिने मुलीवर आपले मत लादले नाही, निर्णय तिच्यावर सोपवला. यालाच खरे प्रेम म्हणतात. असो."

पाठवलं आणि कुकर लावला. दुसरी शिट्टी व्हायच्या आत उत्तर आलं होतं. मुलीचं, मला. शब्दन् शब्द पाठ आहे माझ्या.

"जुनी राणी वाईट होती, मान्य. पण तिला ती मुलगी हवी होती. विहिरीत पडली तरी सोडत नव्हती. नवी राणी दार उघडून उभी राहते आणि म्हणते तुझं तू ठरव, माझी काही हरकत नाही. लोक टाळ्या वाजवतात. मला कळत नाही टाळ्या कसल्या. हरकत नाही म्हणजे काय? म्हणजे मी गेले तरी तिला चालतं."

सिनेमात 'हरकत नाही' असं काही नव्हतं. मी ते पुन्हा वाचलं. तिनं 'मुलगी गेली तरी' असं लिहिलं नव्हतं, 'मी गेले तरी' लिहिलं होतं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कोण जाणे, डाळ तळाला लागली.

वाटेल की मग मी धावत गेले असेन. कसलं काय! तीन दिवस मी काहीही केलं नाही. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि मी विचारायची, "ताक देऊ?" हे कारखान्यातून यायचे, जेवायचे, झोपायचे. मुलगी समोर असायची, फोन बघत. मी तिच्याशी सेलमधल्या चादरींबद्दल बोलले. खालच्या बेनना लोणच्याची फोड कशी काढायची ते दाखवून आले. मला माझाच राग यायला हवा होता, तोसुद्धा येत नव्हता. नऊ वर्षं निर्णय न घेणाऱ्या बाईला एका शब्दाचा निर्णय घेता येईना.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना तिनं आमटी वाढून घेतली आणि मी एकदम बोलले. चांगलं काही नाही, खेकसलेच. "नाशिकला बिशिकला काही जायचं नाही. मी पाठवणार नाही. इथं काय कॉलेजं नाहीत? कोण काय म्हणेल ते म्हणू दे, सावत्र म्हणतील तर म्हणतील. तू जायचं नाहीस. मला नाही चालणार!"

माझा हात वाटीला लागला. वाटीतली आमटी ताटात सांडली.

तिनं हातातला घास खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "मामानं काल कॉलेजचा फॉर्म लॉक केला. मी हो सांगितलं."

"काल?"

"मी तीन दिवस थांबले होते, मावशी. तू वाचलंस हे मला माहीत होतं. त्या ग्रुपमध्ये पूर्णविराम कोण देतं? आणि 'असो'?" ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मी पहिल्या ओळीतच ओळखलं तुला. म्हणून तर तसं लिहिलं."

"बदलता येईल," मी म्हटलं. "मी बोलते मामांशी."

"नको. मीच हो म्हटलंय. मला कॉलेज आवडलंय पण." तिनं माझ्या ताटात सांडलेल्या आमटीकडं पाहिलं, फडकं आणलं, ताटाच्या कडेनं पुसलं. फडकं हातात धरून उभी राहिली. "पण तू म्हण ना परत."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"अजून."

"नको गं जाऊस. मला नाही चालणार."

तिनं मान हलवली आणि जेवायला बसली. गुरुवारी सकाळच्या गाडीनं हे तिला नाशिकला सोडून आले.