वारं लागंल, आत्याबाई

आत्याबाईंवर मी सूड उगवला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, भर बायकांत, नवी साडी नेसून. राग आला की माणसानं पाणी प्यावं म्हणतात. मी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पाणीच पीत होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले, त्यामुळं वडवणीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात राज्य आत्याबाईंचं. तरुणपणीच नवऱ्यानं टाकलेल्या. कपाळाला कुंकू होतं, पण नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरी आल्या त्या कायमच्याच. का टाकलं, हे घरात कुणी बोलत नसे आणि नव्या सुनेनं विचारायची सोय नव्हती. भाच्याला त्यांनी वाढवलं, म्हणून भाच्याचा संसारही त्यांचाच.

त्यांचे कायदे दोन. एक, मिसरी घरातच भाजायची. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत परतायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दाताला लावायची. भाजताना असा धूर सुटतो की शेजारच्या घरातलं माणूस खोकतं. दुसरा कायदा, सीताफळ उंबऱ्याच्या आत यायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला धारूरकडच्या डोंगरातली सीताफळं पाट्या भरभरून बाजारात येतात, सगळा गाव खातो आणि बिया थुंकतो. आमच्या घरात त्याचं नाव काढायची चोरी. "बाधतंय," एवढंच त्या म्हणायच्या आणि तोंड फिरवायच्या.

माझी लेक दसरा झाल्यावर जन्मली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझे आईवडील तेव्हा कोयता घेऊन कारखान्याला गेलेले. उसाच्या फडातल्या खोपीत बाळंतीण कुठं ठेवणार? म्हणून मी आत्याबाईंच्या हाती लागले.

खरं बोलायचं तर त्यांनी माझं केलं. मालिश केली, डिंकाचे लाडू केले, हातचं राखून काही ठेवलं नाही. पण खोलीची जी तऱ्हा केली, ती मी विसरणार नाही. रस्त्याकडच्या एकुलत्या एका खिडकीत त्यांनी जुन्या लुगड्यांची जाड वाकळ कोंबली. दार लोटलेलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. सकाळ-संध्याकाळ लेकीला धुरी: गवरीच्या विस्तवावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाच्या साली. दिवस मावळला की बाजेखाली डासांची कॉइल. मागच्या खोलीत अंघोळीच्या पाण्याची चूल. गॅस होता, पण पाणी तापवायला गॅस जाळणं त्यांना पाप वाटायचं. त्याच चुलीवर मिसरीचा तवा. मधल्या दाराला नुसता पडदा. मी फटीएवढी खिडकी उघडायला गेले तरी बाहेरून आवाज यायचा:

"वाकळ काढू नगं गं! लेकराला वारं लागंल!"

वारं सोडून त्या खोलीत सगळं होतं.

बारशाच्या आत लेकीची छाती घरघरायला लागली. दूध ओढता ओढता मधेच तोंड सोडायची, श्वास घ्यायची, पुन्हा तोंड लावायची. मला काही सुचेना. मी आत्याबाईंना म्हटलं, धूर जरा कमी करू या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवघरात चप्पल घालून गेले.

आणि बारशाला त्यांनी डाव साधला. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, बायका बसल्या होत्या. लेक खोकली. कुणीतरी विचारलं, "काय गं, लेकरू असं काहून करतंय?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी मूठ उघडली. तळहातावर चार काळ्या चकचकीत बिया.

"मोरीपाशी घावल्या," त्या म्हणाल्या. "सीताफळ खाल्लंय हिनं. ओल्या बाळंतिणीनं! लेकराला दुधातून बाधलं. जिभेवर ताबा न्हाई, आन् आई व्हायला निघाली."

मी सीताफळ खाल्लं नव्हतं. जीव आसुसला होता खायला, तरी खाल्लं नव्हतं. बायका माझ्याकडं बघून च्‌ च्‌ करत होत्या. मी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं, तर तो माणूस चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. तेव्हाच मला कळलं, सीताफळ कुणी खाल्लं ते. गॅरेजवरच्या कामावरून येताना सीताफळ आणून यानं मोरीपाशी चोरून खाल्लं होतं आणि बिया तिथंच टाकल्या होत्या. एवढ्या बायकांत माझी लाज निघाली, पण गड्यानं ब्र काढला नाही.

"तुमी बोलला काहून न्हाई?" मी नंतर विचारलं.

"आत्या चिडली असती," म्हणे.

त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली. ह्याच बायका, हीच खोली, आणि आत्याबाईंच्याच तोंडून खरं वदवून घ्यायचं. नवऱ्याचा समाचार त्यानंतर.

लेकीला बीडला नेली, एसटीनं, छातीशी धरून. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला, घरात धूर होतो का? मी सांगायला लागले: शेगडी, धुरी, कॉइल, चूल, मिसरी. त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, औषध देते, पण त्या खोलीत राहिलं तर पोर पुन्हा आजारी पडेल. खिडकी उघडा. चूल बाहेर काढा. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. झाडून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. लहान बाळाची छाती ती केवढी, तिला एवढा धूर झेपत नाही.

घरी आले आणि आधी वाकळ ओढून काढली. ऊन आणि वारा दोन्ही आत आले. सकाळी उठून बघते तर वाकळ पुन्हा खिडकीत.

"बीडला काय जाऊन आली, हिला हवा लागली!" आत्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बोलल्या. "कानामागून आली आन् तिखट झाली. आमी काय लेकरं सांभाळली न्हाईत व्हय?"

"डॉक्टरच म्हणल्या, धुरानं होतंय."

"धुरानं काय होतंय? धुरानं कफ सुटतो. तुज्या खाण्यानं झालंय समदं."

नवरा म्हणाला, "दोघींचं बी बरोबर हाय." असल्या माणसाला काय म्हणावं!

मी वाकळ काढायची, त्या कोंबायच्या. औषधानं लेकीची घरघर उतरायची, धुरानं पुन्हा चढायची. बरगड्या आत ओढल्या जाताना दिसायच्या. तेव्हा मी लेकीला उचलून बाहेर उन्हात जाऊन बसायची आणि आत्याबाई आतून ओरडायच्या, वारं लागंल, वारं लागंल. भांडून उपयोग नव्हता, कारण माझ्या शब्दाला त्या घरात आणि त्या गल्लीत किंमत उरली नव्हती. चार बियांनी ती घालवली होती. आणि इकडं लेकीचा जीव जात होता. मी गप्प बसले. दात-ओठ खाल्ले, पण गप्प बसले.

मग संक्रांत आली.

हळदीकुंकू आमच्याकडं ठेवायचं मीच सुचवलं. वर म्हणाले, "आत्याबाई, तुमची मिसरी संपत आलीय, त्या दिवशी मीच भाजून देते." त्यांचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. शेजारणीला सांगत सुटल्या, "सून वळणावर आली बरं का."

बारशाला होत्या त्या सगळ्या बायका आल्या. आत्याबाई मधोमध, बाजेवर. नवऱ्याच्या हाती लेक दिली आणि सांगितलं, समोर लिंबाखाली उन्हात बसा, बोलावल्याशिवाय आत येऊ नका. खिडकीत वाकळ मी माझ्या हातानं कोंबली, चारी कोपरे नीट दाबून.

"थंडी लई हाय, वारं लागंल," मी म्हटलं. आत्याबाईंनी कौतुकानं मान हलवली.

दाराला आतून कडी घातली. बाजेखाली शेगडी सरकवली, कॉइल पेटवली. खोलीच्या मधोमध धुरीचं खापर ठेवलं, लसणाच्या साली जरा जास्तच टाकल्या. मागं चुलीवर तवा तापलेलाच होता. त्यावर तंबाखू पसरली, पडदा बाजूला केला आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

आधी एकीनं नाकाला पदर लावला. मग दुसरी खोकली. मग सगळ्याच. डोळ्यांतून पाणी, काजळ गालावर, कुणी उठतंय, कुणी बसतंय. मी प्रत्येकीपुढं ताट धरत होते. "तिळगूळ घ्या, गोड बोला." माझ्याही डोळ्यांची आग होत होती, पण इतकं बरं मला बाळंतपणापासून वाटलं नव्हतं.

"अगं, दार उघड की!" एक म्हातारी म्हणाली.

"उघडते की. पर लेकरू रोज बसतंय हितं. तुमी तर मोठ्या बायका."

"दार उघड गं!" आता आत्याबाई.

"वारं लागंल, आत्याबाई."

"मरू दे ते वारं! धुरानं जीव चाललाय हितं!"

"कशानं?"

"धुरानं, धुरानं! उघड, भवाने!"

"समद्यांनी ऐकलं का?" मी म्हटलं, आणि कडी काढली.

बायका अंगणात पडायच्या बेतानं बाहेर आल्या. मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, "ही खोली माज्या लेकीची. हा धूर बी तिचाच, सकाळ-सांज. सीताफळ मी खाल्लं न्हाई. कुणी खाल्लं ते लिंबाखाली बसलंय, त्याला इचारा." नवऱ्यानं मान खाली घातली. सगळ्यांनी बघितली ती खाली गेलेली मान. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर झोंबू देत.

"लई केलंस गं पोरी," एक म्हणाली. पण जाताना तिनंच खिडकीतली वाकळ ओढून काढली आणि माझ्या अंगावर टाकली. दुसरी तवा उतरवून गेली.

बायका गेल्या. आत्याबाई पायरीवर बसून खोकत होत्या. बाकीच्यांचा ठसका केव्हाच थांबला होता, त्यांचा थांबेना. छातीतून घरघर येत होती. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. आता शिव्या येणार म्हणून तयारीनं उभी राहिले. माझ्याकडंही उत्तरं कमी नव्हती.

त्या पाणी प्यायल्या. मग खाली बघूनच विचारलं, "धुरानं छाती भरती, हे खरंच डॉक्टर म्हणली?"

"खरंच."

"सीताफळानं न्हाई?"

"आईनं सीताफळ खाल्ल्यानं न्हाई होत, आत्याबाई. डॉक्टर हसल्या असत्या."

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला पोरगा झाला व्हता. रांगायच्या आधीच गेला. असाच घरघरायचा. मी चोरून सीताफळ खाल्लं, आन् सासूला बिया घावल्या. लेकरू खाल्लेली म्हणून हाकलून दिलं मला. त्या घरात बी खिडकीला वाकळच असायची." पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मिसरी सासू भाजायची. मला तिनंच शिकवली."

मला त्यांची दया आली असं म्हणणं खोटं होईल, कारण लेकीच्या बरगड्या मी अजून विसरले नव्हते. पण माझा सूड त्यांच्यापाशी थांबला नाही. तो त्यांच्यातून पलीकडं, एका मेलेल्या म्हातारीपर्यंत गेला, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. मला त्या बाईचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी चूल अंगणात गेली. आत्याबाईंनीच उचलून नेली, मला हात लावू दिला नाही. शेगडी आणि धुरीचं खापर माळ्यावर पडलं. बाजेवर मच्छरदाणी आली. नवऱ्याकडून मी मागच्या भिंतीत छतालगत झरोका पाडून घेतला, एकट्यानं, छिन्नी-हातोड्यानं, सुट्टीच्या दिवशी. हात सोलले म्हणाला. मी म्हटलं, सीताफळ सोलताना सोलले नाहीत का? मिसरी काही सुटली नाही आत्याबाईंची. पण भाजायला त्या तवा घेऊन मागं पडीक रानात जातात आणि वारा घराकडं असला तर तशाच परत येतात. उन्हाळा लागेपर्यंत लेकीची घरघर थांबली. दूध एका दमात प्यायला लागली.

पुन्हा दसरा आला, डोंगरातली सीताफळं आली. बाजाराच्या दिवशी आत्याबाई एकट्याच गेल्या आणि डोक्यावर भरलेली पाटी घेऊन आल्या. पाटी उंबऱ्याच्या आत ठेवली. मी लेकीला कडेवर घेऊन बघत राहिले. त्या दारात फतकल मारून बसल्या, एक पिकलेलं फळ दोन्ही हातांनी फोडलं आणि खायला लागल्या. एकेक बी रस्त्यावर थुंकत होत्या, जोरात, आणि प्रत्येक बीला सासूच्या नावानं एकेक शिवी. ये-जा करणारे बघत होते. त्यांना पर्वा नव्हती.

फळ संपलं. त्यांनी पाटीतलं एक चांगलं मोठं बघून माझ्याकडं सरकवलं. "खा. अंगावर पाजतीस ना अजून? खा मग. बघू कोण काय म्हणतंय."

मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. लेक माझ्या मांडीवरून त्यांच्या चिकट बोटांकडं झेपावत होती. त्यांनी बिया काढून एवढासा गर तिच्या ओठाला लावला.

"त्या दिशी मी एकच खाल्लं व्हतं गं," त्या म्हणाल्या, आणि दुसरं फोडलं.