हुरड्याच्या दिवशी केलेली सही

आमच्या कॉलनीमागच्या शेतात म्हाताऱ्यांसाठी इमारती उठणार आहेत आणि त्याला माझा पाठिंबा आहे. महापालिकेच्या फाइलमध्ये तसं लिहिलंय. खाली पहिल्या नंबरला माझी सही आहे. सही खोटी असती तर मी भांडलो असतो. ती खरी आहे, म्हणून चडफडतोय.

जुळे सोलापुरात आमची कॉलनी संपते तिथं उतार लागतो. उतारावर काळ्या मातीचं ज्वारीचं शेत, शेताला लागून ओढा, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला पत्र्याच्या घरांची एक लहानशी वस्ती. आमच्या गच्च्यांचं, रस्त्यांचं सगळं पावसाचं पाणी त्या शेतात उतरतं आणि तिथंच जिरतं. शेत हरित पट्ट्यात आहे, म्हणजे तिथं इमारती बांधता येत नाहीत. मूळ मालकानं ते एका बिल्डरला विकलं, तरी पुढच्या हंगामात ज्वारी उभी दिसली म्हणून आम्ही कोणी मनावर घेतलं नाही.

जानेवारीत त्या बिल्डरनं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला हुरड्याचं आमंत्रण दिलं. हुरड्याला नाही म्हणणारा सोलापूरकर मला अजून भेटायचाय. ताडपत्र्या अंथरलेल्या, शेंगाचटणी, गूळ, दही, सगळं जय्यत तयार. आगटीत कणसं भाजायला खालच्या वस्तीतली एक म्हातारी रोजानं लावली होती. भाजलेलं कणीस गरमागरम हातावर चोळायची आणि दाणे आमच्या पुढ्यात टाकायची. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठीच असेल. तिची नातवंडं माझ्या शाळेत होती, त्यामुळे ती मला ओळखते.

"मास्तर," ती म्हणाली, "हितं बिल्डिंगा उटल्या तर पाणी कुटं जाईल वो? आमच्याच घरात येईल की."

"मावशी, आधी हुरडा तरी खाऊ द्या," मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. ते हसू आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तेवढ्यात बिल्डरचा माणूस पॅड घेऊन आला. "सर, हजेरी." मी संघाचा अध्यक्ष, तेव्हा पहिली सही माझीच. चष्मा खिशात होता आणि बोटांना गूळ लागलेला. तीस वर्षं मी पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, की प्रश्न नीट वाचल्याशिवाय पेन उचलू नका. त्या कागदावर वर मथळा होता. मी तो वाचला नाही.

उन्हाळ्यात पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात नोटीस आली. ज्येष्ठ नागरिकांच्या निवासासाठी ती जमीन हरित पट्ट्यातून काढून रहिवासी करायचीय, कुणाची हरकत असल्यास कळवा. म्हाताऱ्यांना घरं नकोत असं मी म्हणत नाही. आमची मुलं पुण्यात. बायकोचे गुडघे गेलेत, जिना चढताना प्रत्येक पायरीला ती देवाचं नाव घेते. लिफ्टचं घर मलाही हवंय. पण जिथं यायला रिक्षावाला दहादा कुरकुरतो, तिथं ओढ्याकाठी म्हातारी माणसं नेऊन ठेवायची, त्यांच्या पायाखाली भराव घालायचा आणि खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या चुलीत पाणी सोडायचं? ही कसली आलीय ज्येष्ठांची सोय!

तावातावानं हरकत लिहिली आणि महापालिकेत गेलो. क्लार्कनं फाइल उघडून माझ्याकडे वळवली. "सर, तुमचा तर पाठिंबा आहे की." मथळा ठळक अक्षरांत होता, जमिनीच्या वापरात बदल करण्यास आमची हरकत नाही म्हणून. खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या. माझ्या सहीशेजारी गुळाचा डाग होता.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग सह्या मागे घेतल्याचा संघाचा ठराव आणा. आठ दिवस आहेत अजून."

संध्याकाळी मारुतीच्या मंडपात बैठक बोलावली. सगळं सांगितलं. मग आमचे खजिनदार म्हणाले, "मास्तर, काही झालं तरी त्याचा हुरडा खाल्लाय आपण. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं." आणि आजूबाजूच्या माना डोलल्या!

माझं डोकंच फिरलं. "अहो, हुरडा त्या शेताचा! हात भाजून घेतले त्या म्हातारीनं! मिठाला जागायचं तर कुणाच्या जागायचं?" माझा आवाज चढला तसं कुणीतरी मला बीपीची आठवण करून दिली. ठराव काही झाला नाही. बिल्डर परका माणूस, त्याचा राग आला तर ते समजण्यासारखं आहे. पण रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो, त्या माणसांचा असा संताप मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वस्तीत गेलो. संघ नाही तर नाही, वस्तीतल्या माणसांच्या हरकती तरी जाऊ देत म्हणून कागद लिहून नेले होते, सोबत शाईचा पॅड. ती म्हातारी दारात धान्य निवडत बसली होती. काय झालं ते तिला सांगितलं, माझ्या सहीसकट. मी कागद पुढे केला आणि अंगठा कुठं उठवायचा ते दाखवलं. तिनं हात मागे घेतला.

"आदी वाचून दावा."

मी वाचलं. भराव या शब्दावर तिनं थांबवलं, "भराव म्हंजी?" मी सांगितलं. "आता परत पयल्यापासनं वाचा की." मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग तिनं अंगठा उठवला, पदराला पुसला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "त्या दिवशी तुमाला कुणी वाचून दावलं न्हाय व्हय, मास्तर?"