चार जणांचं टेबल

आधी एक कबुली देतो. भुतांचे किस्से मी आजवर भरपूर सांगितलेत आणि ते सगळेच्या सगळे मीच बनवलेले होते. लग्नात मुहूर्ताला उशीर झाला, सहलीत बस बंद पडली, की आमच्या नात्यात मला पुढे करतात. कर्नाळ्याच्या वळणावरच्या पांढऱ्या साडीतल्या बाईला मी इतक्या वेळा लिफ्ट दिली आहे की आता तिने मासिक पास काढायला हवा. विश्वास? काडीचा नव्हता. पनवेलच्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान आहे. ज्याला दिसत नाही त्याला नंबर काढून द्यायचा, अदृश्य गोष्टींशी माझा संबंध एवढाच.

हा किस्सा मात्र मी बनवलेला नाही. त्यामुळे तो मला नीट सांगताही येत नाही... सांभाळून घ्या.

दर डिसेंबरात आम्ही चौघं दोन दिवस अलिबागला जायचो. मी, माझी बायको वैशाली, माझी धाकटी बहीण मंजू आणि तिचा नवरा विलास. लोक समुद्र बघायला जातात आणि जाता जाता जेवतात. आम्ही जेवायला जायचो, समुद्र असायचा बाजूला कुठेतरी. कुठली सुरमई कुठे, कुणाकडची सोलकढी पाणचट झालीय, याचा अभ्यास मी वर्षभर करायचो.

विलास पनवेलजवळच्या नेरे गावचा. घरची शेती, शिवाय आजूबाजूच्या फार्महाऊसवाल्यांच्या बागा सांभाळायचा. बोलायला कमी, हसायला पहिला. माझ्या थापांना त्याच्यासारखा श्रोता मिळाला नाही. त्यांना मूलबाळ नाही. दोघंच एकमेकांना. विलासला शुगर होती, म्हणून हॉटेलात तो नेहमी मंजूच्या शेजारी बसायचा. कारण मंजू त्याच्या ताटातला अर्धा भात न विचारता काढून आपल्या ताटात घ्यायची आणि तिचं लक्ष नाही असं बघून तो त्यातला थोडा परत न्यायचा. बावीस वर्षं हा खेळ चालला होता.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारी सकाळी निघालो, दुपारी एकच्या सुमाराला नागावला पोचलो. तिथे सुपारीच्या वाडीत एक घरगुती खानावळ आहे. सकाळी फोन करून किती ताटं ते सांगावं लागतं. मी चार सांगितली होती. गेलो तर मावशींनी पाच मांडलेली. पाच ताटं, पाच तांबे. पाचवं माझ्या उजव्या हाताला.

मी म्हटलं, मावशी, आम्ही चारच. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं, बरं म्हणाल्या, पण ताट काही उचललं नाही. उलट त्यात सुरमईची तुकडी वाढली. आता तळलेली सुरमई समोर ओसाड पडलेली मला बघवते का? आपलं ताट संपवून मी ती पण खाल्ली. मावशी सोलकढी वाढायला आल्या तेव्हा त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेल्या. हे मला तेव्हा जाणवलं नव्हतं. नंतर वैशालीने सांगितलं.

संध्याकाळी पाच वाजता किनाऱ्यावर भजी खाल्ली. चहा पाच आले. रविवारी सकाळी रिसॉर्टमध्ये नाश्त्याला बसलो, तिथल्या मुलीने पाच प्लेट लावल्या. पाचवी पुन्हा माझ्या उजव्या हाताला.

आता माझ्यासारख्या माणसाला एवढं आयतं मिळाल्यावर तो गप्प बसेल का? मी त्याचं नाव ठेवलं, पाहुणे. रिकाम्या खुर्चीकडे वळून मी आग्रह करायला लागलो. घ्या हो पाहुणे, लाजू नका... चटणी तिखट आहे, जपून... वहिनींना नाही आणलंत? विलासला हसून ठसका लागला. शेजारच्या टेबलावरचं कुटुंबही बघायला लागलं आणि प्रेक्षक वाढले की मला थांबवणं अवघड. मंजू वैतागली. म्हणाली, "दादा, पुरे आता. मला नाही आवडत हे."

मी पुरे केलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

रविवारी दुपारचं जेवण म्हणजे आमच्या दोन दिवसांचा कळस. समुद्रासमोरच्या एका हॉटेलात. नाव देत नाही, अजून जोरात चालू आहे. रविवारी तिथे बाहेर ही गर्दी असते. दारात एक चाळिशीतला वेटर वही घेऊन उभा असतो, नाव लिहितो आणि टेबल रिकामं झालं की हाक मारतो. पाऊण तास उन्हात उभं राहिल्यावर आमचं नाव आलं. आतून तळणाचा वास येत होता. त्याने विचारलं किती जण, मी सांगितलं चार.

त्याने पेनाच्या टोकाने आम्हाला मोजलं.

"पाच हाय ना तुमी? चाराचं टेबल खाली झालंय, पन पाचाला नाय पुरायचं. मोठ्या टेबलाला अजून अर्धा तास."

आमच्या मागे चौघांचं एक पुणेरी कुटुंब पाऊल उचलून तयार होतं. आता वाद घालत बसलो असतो तर टेबल गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर वाद घालण्यात मजा नव्हती. मजा दुसऱ्यात होती. मी विलासच्या खांद्यावर हात ठेवला आणि रंगमंचावरचा आवाज काढला.

"असं कर. हे आमचे विलासराव. यांना शुगर आहे, डॉक्टरांनी जेवण बंद केलंय. यांना कमी कर आणि आम्हा चौघांना टेबल दे."

वेटर हसला नाही. तो विलासकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की."

त्याने वहीत एक रेघ मारली. "चला. चार."

सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर विलास.

आत टेबलाला चार खुर्च्या. मंजू आणि वैशाली समोर बसल्या, मी अलीकडे. वेटरने चार ग्लास ठेवले. दोन त्या दोघींपुढे, एक माझ्यापुढे, एक माझ्या उजव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मग कुठूनतरी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं आणि टेबलाच्या टोकाला मंजूच्या बाजूला ठेवलं. त्याच्यावर विलास बसला. त्याला ग्लास नाही, ताट नाही. आम्हाला वाटलं, वेटर पक्का आहे, माझा विनोद पुढे नेतोय. विलास मंजूच्या ताटातच जेवला आणि मनसोक्त भात खाल्ला.

पण एक गोष्ट सांगा. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. जेवण चांगलं तासभर चाललं. विलास टोकाला स्टुलावर अवघडून बसला होता, आणि आमच्यापैकी एकालाही, त्याला स्वतःलासुद्धा, त्या खुर्चीवर बसावं असं सुचलं नाही. कसं सुचलं नाही? त्या दिवसापासून मी हे स्वतःला विचारतोय.

परत येताना पनवेलला एसटी स्टँडजवळ चहाला थांबलो. तिथून पुढे त्या दोघांना नेऱ्याला सोडायचं होतं. ते हॉटेल आमचं नेहमीचं. गल्ल्यावरचे काका मला वीस वर्षं ओळखतात, विलासलाही. काका स्वतः ट्रे घेऊन आले. चार चहा. मी मनात म्हटलं, सुटलो, आपल्या गावात मोजणी बरोबर आहे.

काकांनी एक वैशालीपुढे ठेवला, एक मंजूपुढे, एक माझ्यापुढे. चौथा माझ्या उजवीकडे, जिथे कोणी नव्हतं. आणि मंजूला विचारलं, "विलासशेठ नाय आले यंदा?"

विलास तिच्या शेजारी बसला होता. चष्मा पुसत होता. मीच बनवून दिलेला चष्मा.

मग काकांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "अरे, हे काय, बसलेत की. डोळे गेले माझे. तुमच्या दुकानात यायला पायजे." आणि पाचवा चहा आणायला गेले.

विलासने माझ्याकडे बोट केलं. "दादा, तुम्हीच फोन करून सांगितलंत ना त्यांना?" तो हसत होता, पण उत्तराची वाट बघत होता.

मी म्हटलं, हो, मीच सांगितलं. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, ही एकच अशी होती की समोरच्याने तिच्यावर विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटलं. त्याने ठेवला. माझ्या उजवीकडचा तो कप त्याने ओढून घेतला, एक घोट प्यायला आणि खाली ठेवला. "गार आहे," म्हणाला. माझ्या कपातून वाफ येत होती.

पुढच्या आठवड्यात काका खरंच दुकानात आले. मी त्यांचे डोळे तपासले. जवळचा थोडा नंबर निघाला. दूरचं स्वच्छ, शेवटच्या ओळीपर्यंत.

अलिबागहून आल्यावर अकराव्या दिवशी विलास गेला. सकाळी न्याहारी करून वांग्यांना पाणी सोडायला गेला होता, बांधावर बसला तो बसलेलाच सापडला. डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यांना अटॅक आलेला कळत नाही, दुखत नाही. मला पटलं. आजही पटतं. विलास कशाने गेला याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, कागदावर आहे. बाकीच्याचं नाही.

मंजू मला काही बोलली नाही. बाराव्याला नाही, तेराव्याला नाही. मी तिच्यासमोर बसायचो आणि ती कधी म्हणेल याची वाट बघायचो. चार महिन्यांनी दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली,

"दादा, त्या हॉटेलात मला घेऊन चल."

"कशाला गं?"

"तू चार सांगितलेस. जाऊन पाच सांग."

तिला समजवावं, डॉक्टरांचा कागद दाखवावा, असं खूप मनात आलं. पण मी ज्याला कमी केलं होतं तो तिचा होता. काय तोंडाने समजावणार होतो?

गेलो. रविवार, दुपार, तीच गर्दी. वैशाली, मंजू, मी. दारात तोच वेटर, तीच वही. मला ओळखल्यासारखं काही दिसलं नाही. आमचं नाव आल्यावर त्याने विचारलं किती जण. मंजू माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "पाच."

त्याने पेनाच्या टोकाने मोजलं. मी, वैशाली, मंजू. पेन तिथे थांबलं नाही, अजून एकदा हललं.

"चारच तर हाय," तो म्हणाला.

मंजूने माझा दंड धरला. चार महिन्यांत तिचा चेहरा मी असा बघितला नव्हता. तिला एवढंच कळलं होतं की आम्ही तिघं आहोत आणि तो माणूस चार म्हणतोय. आले, एवढंच ती पुटपुटली.

मी मात्र मोजत होतो. आम्ही तिघं. एक तो, जो नागावपासून माझ्याबरोबर जेवत होता. विलास आला असता तर पाच झाले असते.

टेबल चौघांचंच मिळालं. या वेळी मंजू एका बाजूला एकटी बसली. शेजारची खुर्ची तिने स्वतः मागे ओढून ठेवली, माणसाला बसता येईल इतकी. समोर मी आणि वैशाली, ती माझ्या डाव्या हाताला. वेटरने ग्लास ठेवायला सुरुवात केली. मंजूपुढे एक. तिच्या शेजारच्या खुर्चीपुढे काही नाही. वैशालीपुढे एक, माझ्यापुढे एक. मग तो टेबलाला वळसा घालून माझ्या उजवीकडे आला. तिथे खुर्चीच नव्हती. त्याने मागून एक आणली, लावली आणि तिच्यापुढे चौथा ग्लास ठेवला.

मंजू बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत होती. तिलाही समजलं असेल का? विलास तिच्या शेजारी सोडून कधी कुठे बसला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली.

"दादा, उठ. मला इथे बसू दे."

मी उठलो. काय सांगणार होतो? ती माझ्या जागेवर बसली, मी तिच्या. ताटं आली. तिने उजवीकडच्या ताटातला अर्धा भात सवयीने आपल्या ताटात काढून घेतला. मग मान वळवून दुसरीकडे बघत राहिली, मुद्दाम, त्याला परत नेता यावा म्हणून.

आता ती दर महिन्याला विचारते, कधी जायचं. मी घेऊन जातो. हॉटेलात किती जण असं कोणी विचारलं तर मी बोलत नाही, वैशाली सांगते. किस्से सांगणं बंद केलंय. हा एकच सांगितला, तोही तुम्हाला, कारण तुम्ही आमच्या ओळखीचे नाही. याचं काही स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. कोणाला सुचलं तर मला जरूर कळवा.

मंजूला नको.