फुटक्या गाळ्याचा उंबरा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी दाजींचं नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. भोई माणूस. त्यांनी नदीत जाळं टाकायचं आणि बहिणीनं बाजारच्या दिवशी मासे विकायचे, असा त्यांचा संसार. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. सातवी झाल्यावर त्यांनी मला आपल्या घरी आणलं, कारण त्यांच्या गावाहून हायस्कूल चालत जाण्यासारखं होतं. ‘पाव्हणं, तुम्ही फकस्त पुस्तक धरा, मासा मी धरतो,’ असं ते म्हणाले होते. बायकोचा धाकटा भाऊ म्हणून ते मला पाव्हणं म्हणत, आजही म्हणतात. माझ्या वह्या, गणवेश, पुढं बेळगावच्या कॉलेजातलं वसतिगृह, हे सगळं त्या नदीतून निघालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला.

दाजींच्या गावाखाली नदीवर जुना बंधारा आहे. दगडी खांब आणि खांबांच्या मध्ये नऊ गाळे. पावसाळा सरला की प्रत्येक गाळ्यात, खांबांच्या खाचांतून, एकावर एक लाकडी फळ्या उतरवायच्या. त्यांना बरगे म्हणतात. बरगे बसले की पाणी अडतं आणि उन्हाळाभर उसाला पुरतं. पाऊस तोंडावर आला की बरगे काढून नदी मोकळी करायची. हे काम गावातली आठ-दहा जणांची टोळी करी, आणि टोळीत दाजी असत.

नववा, म्हणजे आमच्या काठाकडचा गाळा, फुटका होता. कुठल्या तरी जुन्या पुरात त्याचा उंबरा, म्हणजे तळाचा दगडी पट्टा, हातभर तुटून गेला होता आणि त्याच्याखाली डोह पडला होता. बरगे घालताना तिथून पाणी गळे. मग टोळी तिथं आंब्याची एक जादा फळी घाले, फटीत चिखल आणि भाताचा पेंढा कोंबे. दरवर्षी शिव्या देत हे चाले, पण उंबरा दुरुस्त करा असं टोळीतला कुणी म्हणाला नाही. कारण नदीला पहिलं गढूळ पाणी आलं की खालून चढणीचे मासे येत. त्यांना अंडी घालायला वरचं उथळ, वाळूचं पाणी लागतं, आणि वर जायची वाट ती एकच होती. बाकीच्या आठ गाळ्यांच्या उंच उंबऱ्यांना डोकं आपटून ते परतत. नवव्याखालच्या डोहात थांबत, दम घेत आणि एकेक करून उडी मारत.

त्या दिवसांत त्या गाळ्यात जाळं टाकायचं नाही, असा भोयांचा नेम होता. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, ‘दाजी, एवढा मासा समोर आहे आणि आपण नुसतं बघायचं?’

‘पोटुशी बाई माहेराला निघाली तर वाटंत आडवं पडत्यात व्हय, पाव्हणं?’ ते म्हणाले. ‘परत येताना गाठ पडंल की. तवा बघू.’

नव्वदच्या दशकात मी बेंगळूरला आलो. बंधाऱ्यांचे आणि कालव्यांचे नकाशे करणाऱ्या एका लहानशा कार्यालयात मला नोकरी मिळाली. कार्यालय पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत होतं. खाली बंधाऱ्यांची लोखंडी दारं आणि बरगे करण्याचा कारखाना आणि वर माळ्यावर आमची नकाशाची टेबलं. दिवसभर पायाखालून वेल्डिंगचा आवाज येई. साहेब इथल्याच जुन्या मराठी घरातले, चार पिढ्या बेंगळुरातल्या. ते मराठी बोलत, पण होकार ‘सरी’ असाच येई आणि थोडं म्हणायचं तर ‘स्वल्प’. परक्या शहरात तेवढी मराठीही मला घरच्यासारखी वाटायची.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडे बंधाऱ्यांच्या दुरुस्तीचं काम आलं आणि त्या गठ्ठ्यात दाजींच्या गावचा बंधारा निघाला. मोजणी दुसऱ्यांनी केली होती. माझ्यापुढं फक्त आकड्यांची वही होती. लाकडी बरग्यांच्या जागी लोखंडी बरगे घालायचे, सगळ्या गाळ्यांचे उंबरे एका पातळीत आणायचे आणि पाण्याच्या मारानं तळ खचू नये म्हणून खालच्या अंगाला काँक्रीटचा सपाट ओटा करायचा. नवव्या गाळ्यापुढं मोजणीवाल्यानं शेरा मारला होता : उंबरा तुटलेला, गळती.

तो गाळा मला ओळखू आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. बघताक्षणी ओळखला, आणि मला आनंद झाला. वाटलं, आता टोळीला थंड पाण्यात उभं राहून चिखल कोंबावा लागणार नाही, दाजींच्या कंबरेचा त्रास वाचेल. मासा माझ्या मनातच आला नाही. नकाशात मासा दाखवायची खूण आम्हाला कुणी शिकवली नव्हती, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत असे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. मी तुटलेला उंबरा सरळ रेघेनं जोडला, डोहाच्या जागी ओटा काढला आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही केली. माझ्या सहीचा तो पहिला नकाशा. त्याची अमोनियाच्या वासाची एक प्रत मी खोलीवर ट्रंकेत जपून ठेवली. दाजींना कळवलं नाही. एकदा स्वतः जाऊन नव्या बंधाऱ्यावर उभं राहून सांगायचं, असा माझा बेत होता. तो उन्हाळा, तो पावसाळा मला रजा मिळाली नाही. काम झालं, लोखंडी बरगे इथूनच ट्रकनं गेले.

दिवाळी झाल्यावर दाजी बेंगळूरला आले. मी नोकरी करतो ती जागा त्यांना एकदा बघायची होती. बसमधून उतरल्यावर खोलीवर येऊन त्यांनी पिशवी उघडली. भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर बहीण मला नेहमी सुका मासा पाठवायची.

‘अक्कानं मासा नाही दिला?’ मी विचारलं.

‘असंल तर दील. यंदा मासा चढलाच न्हाई, तर उतरंल कुठनं?’

‘का? पाऊस तर चांगला होता.’

‘पाऊस हुता, पाणी हुतं, मासाबी आला हुता. फुटक्या गाळ्याला कुण्या शहाण्यानं शिमिटाचा उंबरा घातलाय. डोह हुता तिथं वटा केलाय, आरशागत. मासा येतोय आन् त्या वट्यावर घोटाभर पाण्यात आडवा पडतोय. उडी मारायला आधी बुडायला पाणी पायजे, पाव्हणं. तुम्हाला धावायला अंगणच दिलं न्हाई आन् म्हटलं मारा लांब उडी, तर माराल?’

‘पुढं पूर आला असेल की. तेव्हा सगळा बंधाराच पाण्याखाली जातो.’

‘ते महिन्यानं. तवर पोटातलं थांबतंय व्हय?’ भाकरी मोडता मोडता ते हसले. ‘कावळ्यांची मातूर चैन झाली. कावळं त्या इंजिनेराला आशीर्वाद देत असत्याल. बरगे मातूर झ्याक हैत हं. सुईगत बसले.’

मी पाणी आणायला उठलो. माठ शेजारीच होता, तरी उठून बाहेरच्या नळावर गेलो. परत आलो तेव्हा ते सांगत होते की जाळं खुंटीला टांगलंय, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जावं म्हणतोय, आणि पोरगी यंदा आठवीला आहे. शेवटचं त्यांनी कौतुकानं सांगितलं. मला ते तसं ऐकू आलं नाही; माझ्याही वह्या त्याच जाळ्यातून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्यात नेलं. साहेब बाहेरगावी होते. खालच्या मेस्त्रीला मराठी येत नव्हती, पण दाजींना सीमेवरचं कन्नड चांगलं येतं, त्यामुळं दोघांचं लगेच जमलं. थप्पीला लावलेल्या बरग्यांवर बोटाची गाठ वाजवून दाजी म्हणाले, माल चांगला आहे. मग चहा पिताना त्यांनी मेस्त्रीलाही माशाची तीच गोष्ट सांगितली. हात आडवा धरून मासा, दुसरा हात उभा धरून उंबरा. मेस्त्री हसला नाही. त्यानं पत्र्याचा एक ट्रे आणला, त्यात पत्रा वाकवून बंधारा केला, उंबऱ्याला एके ठिकाणी खाच पाडली, खाली लोखंडाचे तुकडे दगडांसारखे टाकले आणि वरून नळी सोडली. तुकड्यांमागं पाणी साठून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरू लागलं.

दाजी उकिडवे बसले. एक तुकडा उचलून त्यांनी बोटभर बाजूला सरकवला. ‘हितं न्हाई, हितं. मासा धारंत उभा ऱ्हात न्हाई. धारंच्या आडोशाला ऱ्हातोय.’

हे मलाही माहीत नव्हतं. मी वरून कागद आणला आणि त्यावर तो ट्रे जसाच्या तसा काढून घेतला. ‘पाव्हणं, काय काढताय?’ त्यांनी विचारलं. ‘बघून ठेवतो,’ एवढंच मी म्हणालो.

संध्याकाळी त्यांना बसमध्ये बसवताना मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिकीट नीट ठेवा म्हणालो.

साहेब आल्यावर मी नवा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी जुना नकाशा मागवला, चौकटीतली सही बघितली.

‘हा उंबरा तूच जोडलास. आता तूच तोड म्हणतोस?’

‘हो साहेब.’

‘का रे? मासे येऊन सांगून गेले काय?’

‘माझे दाजी सांगून गेले. ते मासे धरतात. आणि बरगेही तेच बसवतात.’

‘सरी. पाणी गळेल, त्याला काय करतोस? शेतकरी माझ्या दारात येतील, तुझे दाजी नाही.’

त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. टोळी पूर्वी आंब्याची जादा फळी घालायची; तिच्या जागी नवव्या गाळ्यापुरता एक जादा लोखंडी बरगा. पावसाआधी बाकीच्यांबरोबर तोही निघेल, मासा जाईल. पावसानंतर बसेल, पाणी अडेल. साहेबांनी कागदावरच्या खाचेला पट्टी लावून बघितली.

‘स्वल्प काम आहे,’ ते म्हणाले. ‘पण पाटबंधारे खात्याला पत्र लिहिताना चूक म्हणून लिहू नको. सुधारणा म्हणून लिही. चूक म्हटलंस की दहा जण विचारतील कुणाची, आणि काम राहील बाजूला.’

त्यांचं बरोबर होतं. मी ‘सुधारणा’ लिहिलं. कुणी काही विचारलं नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मंजुरी आली.

मंजुरीचा कागद हातात आला तेव्हा मला पुढचं सगळं दिसलं. मी दाजींना कळवणार, दाजी चावडीवर सांगणार की आमच्या पाव्हण्यानं बेंगळुरात बसून नदी मोकळी केली, आणि मी गावात गेल्यावर लोक मला पुढं बसवणार. ते मला पेलवलं नसतं. समोर जाऊन सांगावं तर ते हसण्यावारी नेतील आणि मी ते नेऊ देईन, याची मला खात्री होती. पत्राचं तसं नाही. पत्र त्यांना दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यावं लागतं.

उंबरा त्या उन्हाळ्यात तुटला. पहिल्या वर्षी थोडा मासा चढला, दुसऱ्या वर्षी बरा, आणि जाळं खुंटीवरून उतरलं. पण मंजुरी आली त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी लिहिलेल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला आहे, तो उतरवतो.

*

ती. दाजींस,

सा. न. पत्र पोरीकडून वाचून घ्या. बाळे, वाचताना मध्ये थांबू नकोस, आणि मामाविषयी वाईट आहे म्हणून एखादी ओळ सोडूही नकोस.

फुटक्या गाळ्याला उंबरा घालणारा शहाणा मीच. नकाशा मी काढला, सही माझी आहे. तो आपला गाळा आहे हे मला तेव्हा माहीत होतं. तुम्ही भाकरी खाताना सांगत होता आणि मी पाणी आणायला उठलो, ते तहान लागली म्हणून नाही. स्टँडवर सांगणार होतो, तेही जमलं नाही.

आता तो उंबरा तोडायची मंजुरी आली आहे. गावात कुणी म्हणालं की पाव्हण्यानं गाळा मोकळा केला, तर बंदही त्यानंच केला होता हे तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन.

बरगे निघाले की ठेकेदाराची माणसं येतील. नवव्या गाळ्याचा उंबरा हातभर खाली तोडायचा, ओटा फोडून डोह मोकळा करायचा आणि डोहाच्या खालच्या अंगाला दगड मांडायचे. दगड कुठं मांडायचे ते नकाशात दाखवलेलं नाही. तिथं मी लिहिलं आहे, ‘गावातल्या जाणत्या भोयाला विचारून.’ साहेबांनी वाचलं आणि खोडलं नाही. तेव्हा त्या आठवड्यात वीटभट्टीवर जाऊ नका. मेस्त्रीनं जादा बरगा केला आहे, त्यावर पांढऱ्या रंगानं नऊचा आकडा आहे. तो दुसऱ्या गाळ्यात बसणार नाही.

मासा यंदा लगेच चढेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तुम्हाला जास्त कळतं.

रागावला असाल तर तसं पोरीला लिहायला सांगा. दगड मांडायच्या दिवशी मी रजा काढून येतोय. तुम्ही दाखवाल तिथं ठेवायला एक माणूस जास्त होईल.

अक्काला नमस्कार. चटणी संपली.

तुमचा
पाव्हणा