सहापैकी सहा

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेच्या बर्फातलं. मी सुभेदार, धाकटा भाऊ मनोहर त्याच बटालियनमध्ये नाईक. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारासह मोर्चात सज्ज उभं राहणं, मग पेट्रोलिंग, संध्याकाळी हत्यारांची सफाई. एके सकाळी त्याच्या पोस्टवरून वायरलेस आला.

"साहेब, नाईक मनोहरचे पाय सुजलेत. बुटात जात नाहीत."

"खाली पाठव. ताबडतोब."

बेस हॉस्पिटलनं सांगितलं, दोन्ही किडन्या निकामी. मेडिकल बोर्डानं नोकरीला अपात्र ठरवल्यावर तो अकोल्याला घरी आला. डायलिसिस सुरू झालं. मी निवृत्त होताच तपासणीसाठी अमरावतीला गेलो. एका आईची लेकरं, पलटणीच्या एकाच लंगरात जेवलेलो. किडनी माझीच लागणार, हे मी धरूनच चाललो होतो.

डॉक्टर म्हणाले, "रक्तगट जुळतो. टिश्यूच्या सहा खुणांपैकी एकही जुळत नाही. प्रत्येकाला अर्धं आईकडून येतं, अर्धं वडिलांकडून. तुम्हा दोघांना वेगवेगळं आलंय. आणखी कोणी भावंडं?"

होती. बार्शीटाकळीला दिलेली आमची शोभाताई. तिचे सहापैकी सहा जुळले.

मनोहर अडून बसला. "ताई, तुले लेकरं हायेत. मले नको तुही किडनी."

"तुले कोन विचारून राहिलं?"

ऑपरेशन झालं. नव्या किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं, असं सर्जननी सांगितलं. पुढे काही वर्षं मनोहर बरा होता. एका शाळेत पहारेकरी लागला. पण शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्याच गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होई. एका हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. त्यातून तो उठला नाही.

वॉर्डाबाहेर ताईनं विचारलं, "माही किडनी बंद पडली का, दादा?"

"नाही. फुप्फुसं गेली. किडनी शेवटपर्यंत चालली."

तिनं कुशीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात ठेवला.

"मंग तं ते किडनी जितीच जाईन त्याच्यासंगं," ती म्हणाली.

बटालियनच्या स्थापनादिनी शहिदांची नावं वाचतात. मनोहर लढाईत पडला नाही, त्यामुळे त्याचं नाव त्यात नसतं. यंदा मी ताईला सोबत नेलं. शेवटचं नाव झालं. बिगुलरनं बिगुल ओठांना लावला, तेवढ्यात ताई मोठ्यानं म्हणाली, "नाईक मनोहर."

बिगुलर थांबला. त्यानं बटालियनचे प्रमुख, सीओ साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

मग त्यानं शहिदांच्या मानवंदनेची लास्ट पोस्ट वाजवली.